एक मैल पुढे उभी असलेली व्हॅन

या वीकएंडला इतिहास. पण लढायांचा नाही, एका व्हॅनचा.

कॅनडा म्हटलं की आपल्या पिढीला पीआरचे पॉइंट्स, बर्फ आणि तिकडे सेटल झालेला एखादा जुना रूममेट आठवतो. तिथल्या सीबीसी वाहिनीने २००४ साली प्रेक्षकांचं मतदान घेतलं होतं : देशातली आजवरची सर्वांत थोर व्यक्ती कोण? पहिला आला टॉमी डग्लस, ज्याने तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा पाया घातला. दुसरा आला एक पोरगा. तेविसावा वाढदिवस यायच्या आतच तो गेला होता. त्याने कधी निवडणूक लढवली नव्हती, ऑलिंपिकचं मेडल मिळवलं नव्हतं, आणि जे एक काम अंगावर घेतलं होतं तेही अर्धवट राहिलं होतं. त्याचं नाव टेरी फॉक्स.

पुण्यातल्या आमच्या रनिंग ग्रुपमध्ये हे नाव दरवर्षी डिसेंबरच्या आसपास निघतं. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन तोंडावर आलेली असते, कुणाचा गुडघा कुरकुरत असतो, कुणाची नडगी ठणकत असते. मग कुणीतरी फॉरवर्ड टाकतं : एका पायाचा माणूस रोज एक मॅरेथॉन धावायचा, आणि तुझं काय हे रडगाणं! खाली टाळ्यांचे पंधरा इमोजी. हा फॉरवर्ड वाचून एकदा एक मित्र खरंच लंगडत सकाळी साडेपाचला हजर झाला होता. त्याच्या बायकोने त्याला गाडीतून आणून सोडलं आणि ती गाडी बंद न करता तिथेच बसून राहिली. मला टेरीची खरी गोष्ट त्या फॉरवर्डपेक्षा त्या चालू गाडीत जास्त दिसली. का, ते सांगतो.

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८चा, विनिपेगमधला. तो वाढला पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हरजवळच्या पोर्ट कोक्विटलममध्ये. वडील रोलंड, आई बेटी, थोरला भाऊ फ्रेड, धाकटा डॅरेल आणि बहीण ज्युडिथ. मध्यमवर्गीय घर. पोरगा बास्केटबॉलचा वेडा, पण उंचीने लहान. आठवीत असताना शाळेच्या कोचने त्याला समजावलं की बाबा रे, तुझा पिंड लांब पल्ल्याच्या धावण्याचा आहे. टेरीला धावण्यात काडीचाही रस नव्हता; कोचला नाराज करायचं नाही म्हणून तो पळायला लागला. बास्केटबॉल सोडला नाही. त्या पूर्ण सीझनमध्ये त्याला कोर्टवर मिळाला फक्त एक मिनिट. बारावीत पोचेपर्यंत मात्र शाळेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचं नाव जाहीर झालं, तेही विभागून. दुसरं नाव होतं त्याच्या जिगरी दोस्ताचं, डग ऑलवर्डचं. हे नाव लक्षात ठेवा. या गोष्टीतली व्हॅन डग चालवणार आहे.

नोव्हेंबर १९७६ मध्ये टेरीच्या गाडीला अपघात झाला. उजवा गुडघा जरा दुखावला, एवढंच. दुखणं अधूनमधून डोकं वर काढायचं, पण बास्केटबॉलचा सीझन चालू होता. 'सीझन संपल्यावर बघू' हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मार्च १९७७ मध्ये दुखणं असह्य झालं आणि हॉस्पिटलमध्ये निदान झालं : ऑस्टिओसारकोमा, हाडाचा कॅन्सर. टेरीला शेवटपर्यंत वाटत राहिलं की अपघातामुळे गुडघा कमजोर झाला आणि म्हणून हे झालं. डॉक्टरांच्या मते दोन्हींचा संबंध नव्हता. काही दिवसांतच पाय गुडघ्याच्या वर सुमारे पंधरा सेंटिमीटरवर कापावा लागला. वय अठरा.

आता इथे दोन गोष्टी घडल्या, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्यांच्यातूनच आलं.

पहिली : ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्याच्या शाळेतल्या बास्केटबॉल कोचनी त्याला एक मासिक आणून दिलं. त्यात डिक ट्रॉम या अमेरिकन माणसावर लेख होता. ट्रॉमचा एक पाय १९६५ च्या अपघातात गेला होता, आणि १९७६ मध्ये कृत्रिम पाय लावून त्याने न्यूयॉर्क मॅरेथॉन पूर्ण केली होती. उद्या पाय जाणार असलेल्या पोराच्या हातात आज तो लेख ठेवायचा, हे सुचायला माणूस जवळचा लागतो.

दुसरी : एक आकडा. टेरीला सांगितलं गेलं की वाचायची शक्यता पन्नास टक्के आहे. त्याला हेही कळलं की दोनच वर्षांपूर्वी हाच आजार झाला असता तर ती पंधरा टक्के असती. मधल्या काळात ना देव बदलला, ना त्याची इच्छाशक्ती. केमोथेरपीची औषधं बदलली. म्हणजे संशोधन झालं, आणि संशोधन पैशावर चालतं. पुढे सोळा महिने त्याची केमो चालली. वॉर्डात आजूबाजूची पोरं जाताना त्याने पाहिली. बाहेर पडला तेव्हा त्याच्या डोक्यात हिशोब पक्का होता : पैसे गोळा करायचे, संशोधनासाठी. आणि ते कसे, तर कॅनडा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावून.

केमो चालू असतानाच रिक हॅन्सनने त्याला व्हीलचेअर बास्केटबॉलच्या टीममध्ये ओढलं. (हा तोच हॅन्सन, ज्याने पुढे १९८५ ते १९८७ या काळात व्हीलचेअरवरून ३४ देशांत चाळीस हजार किलोमीटरचा प्रवास केला.) १९७९ मध्ये टेरी एका पायावर धावायला लागला. त्या काळचा कृत्रिम पाय चालण्यासाठी बनवलेला होता. धावायला खास ब्लेड असते, तशी तेव्हा नव्हती. पाऊल टाकल्यावर त्या पायातली स्प्रिंग पुन्हा जागेवर यायला वेळ लागायचा. तेवढ्यासाठी तो डाव्या, चांगल्या पायावर दोन उड्या मारायचा, मग उजवं पाऊल. टप-टप, धप. टप-टप, धप. त्याचे जुने व्हिडिओ पाहिलेत तर ही लय डोक्यातून जात नाही. उरलेल्या पायाच्या टोकावरची कातडी घासून फोड यायचे, रक्त यायचं. त्याच वर्षी प्रिन्स जॉर्ज गावातल्या शर्यतीत तो शेवटचा आला. लोक रडत होते आणि टाळ्या वाजवत होते.

मग त्याने घरी सांगितलं. आई म्हणाली, वेड लागलंय तुला. तिने वडिलांना सांगितलं की पोरगा कॅनडा पार करायचं म्हणतोय, तर त्यांनी एवढंच विचारलं : कधी? मला ही दोन उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. घरात एक अडवणारं माणूस लागतं आणि एक तारीख विचारणारं. आणि अडवणाऱ्या आईचं त्याने थोडंसं ऐकलंही. सरावात एकही दिवस न चुकवणाऱ्या या पोराने नाताळच्या दिवशी सुट्टी घेतली, का तर आईने सांगितलं म्हणून.

ऑक्टोबर १९७९ मध्ये त्याने कॅनडाच्या कॅन्सर सोसायटीला पत्र लिहिलं. सोसायटीला शंका होत्या. त्यांनी दोन अटी घातल्या : आधी प्रायोजक मिळव, आणि हृदयाच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आण. तपासणीत हृदयाची डावी बाजू वाढलेली निघाली. खेळाडूंमध्ये हे आढळतं, तरी डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला आणि एका वचनावर परवानगी दिली : हृदयाचा जरासा जरी त्रास जाणवला तर लगेच थांबायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर लूप सुरू करण्याआधीच एक्झिट कंडिशन लिहून ठेवली. फोर्डने व्हॅन दिली, आदिदासने बूट दिले. वस्तूंची जाहिरात करायला लावणाऱ्या कंपन्यांना टेरीने नकार दिला.

१२ एप्रिल १९८०. न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला टेरीने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि पश्चिमेकडे धावायला सुरुवात केली. मोहिमेचं नाव 'मॅरेथॉन ऑफ होप'. पहिल्या काही दिवसांत वादळी वारे, धो-धो पाऊस आणि बर्फ. रस्त्यावर चिटपाखरू नाही. होता तो डग. रोजचं काम ठरलेलं : व्हॅन एक मैल पुढे न्यायची, रस्त्याकडेला उभी करायची, टेरी आला की पाणी द्यायचं, पुन्हा एक मैल पुढे. असे दिवसाला सव्वीस मैल. रात्री स्वयंपाकही डगनेच करायचा. आणि हा डग स्वतः शाळेतला उत्तम धावपटू होता. त्याने महिनोन् महिने ड्रायव्हिंग सीटवर बसून दुसऱ्याच्या वेगाने एकेक मैल सरकायचं.

पोर्ट ओ बास्क हे न्यूफाउंडलंडच्या दुसऱ्या टोकाचं छोटंसं गाव, तेव्हाची वस्ती साधारण दहा हजार. त्या गावाने दहा हजार डॉलर हातात ठेवले. माणशी एक डॉलर. टेरीच्या डोक्यात तिथून ध्येय बदललं : प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख.

इथवर सगळं फॉरवर्डमध्ये शोभेल असं आहे. पण नोव्हा स्कोशियात पोचेपर्यंत टेरी आणि डग एकमेकांशी धड बोलत नव्हते. होणारच. एक जण दुखण्याने आणि थकव्याने चिडलेला, दुसरा दिवसभर त्याच्या मर्जीवर, आणि रात्री झोपायला तीच एक व्हॅन. मग फॉक्स कुटुंबाने मध्ये पडून सतरा वर्षांच्या डॅरेलला पाठवलं. त्याचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. शाळा आटोपती घेऊन तो न्यू ब्रन्सविकमध्ये दाखल झाला. त्याचं मुख्य काम : दोघांना हसवणं. कुठल्याही प्रोजेक्टच्या रिसोर्स प्लॅनमध्ये ही पोस्ट सापडणार नाही, पण अशा एका माणसामुळे वाचलेले प्रोजेक्ट तुम्हीही पाहिले असतील.

क्यूबेकमध्ये हाल झाले. तिथे फ्रेंच चालते आणि या तिघांना ती येत नव्हती. या पोराबद्दल फारसं कुणाला माहीतच नव्हतं, आणि मागून येणाऱ्या गाड्या त्याला रस्त्याखाली ढकलत होत्या. मग ओंटारिओ लागलं आणि चित्र पालटलं. कॅन्सर सोसायटीच्या बिल व्हिगर्सने गावोगावी आधी जाऊन तयारी करून ठेवली होती. फोर सीझन्स हॉटेल्सचा संस्थापक इसाडोर शार्प, ज्याचा तरुण मुलगा दोनच वर्षांपूर्वी कॅन्सरने गेला होता, त्याने मैलामागे दोन डॉलर देऊ केले आणि आणखी ९९९ कंपन्यांना तसंच करायचं आव्हान दिलं. ११ जुलैला टोरोंटोच्या चौकात दहा हजार लोक जमले. एका दिवसात एक लाख डॉलर.

आणि शरीर? नडग्या सुजलेल्या, गुडघा सुजलेला, उरलेल्या पायावर गाठी, मध्येच चक्कर. घोटा इतका दुखायला लागला की हाडाला तडा गेला असं त्यालाच वाटलं. तरी तो तीन दिवस धावला आणि मग दाखवायला गेला. निघाली स्नायूबंधाची सूज, म्हणून पुन्हा धावायला मोकळा. बाविसाव्या वाढदिवशीही त्याने सुट्टी घेतली नाही. नियमित तपासण्या करून घे असं अनेकांनी सांगितलं, ते त्याने झटकून टाकलं.

आता खरं सांगायचं तर हे वाचताना मला कौतुक वाटतं आणि पोटात गोळाही येतो. ग्रुपमधला प्रत्येक जण कौतुकाचं बोलतो, गोळ्याचं कुणी बोलत नाही. टेरीने कॅन्सरनंतरच्या तपासण्या टाळल्या ही गोष्ट प्रेरणादायी मानून पुढे पाठवण्यासारखी नाही. त्याचं गणित वेगळं होतं : ज्याला पन्नास टक्क्यांचा आकडा मिळालाय, त्याला पुढचा सीझन मिळेल याची खात्री नसते. आपल्याला बहुतेक वेळा असते. प्लांटार फॅसायटिस झालेल्या आयटीवाल्याने त्याचं उदाहरण आपल्या टाचेला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून गाडी चालवणं आहे.

शेवटचा दिवस बघा. १ सप्टेंबर १९८०, ओंटारिओतल्या थंडर बे शहराच्या बाहेर. गेले काही दिवस तो सकाळी निघायच्या आधीच थकलेला असायचा. त्या दिवशी धावता धावता जोराचा खोकला आला, छातीत कळ आली आणि तो थांबला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. ते ओरडत होते, टाळ्या वाजवत होते, चल टेरी, तू पोचणार! आणि तो पुन्हा धावायला लागला. काही मैल गेल्यावर श्वास पुरेना, छातीतली कळ जाईना. तेव्हा त्याने डगला सांगितलं, मला हॉस्पिटलमध्ये घेऊन चल.

या प्रसंगावर मी बराच वेळ थांबतो. रस्त्यावरच्या त्या लोकांची काही चूक नव्हती. त्यांचं प्रेम खरं होतं, आणि लाखो डॉलर त्यांच्याच खिशातून येत होते. पण गर्दीला एकच गोष्ट देता येते : आणखी पुढे जाण्याचं बळ. थांबण्याचं बळ तिच्याकडे नसतं. ते देणारी माणसं वेगळी असतात. ती पुढे एक मैलावर, इंजिन चालू ठेवून बसलेली असतात. गेल्या महिन्यात तुम्ही त्यांच्यावर ओरडलात तरी ती आज तिथे असतात. 'मला घेऊन चल' हे वाक्य माणूस हजार लोकांसमोर म्हणू शकत नाही. डगसमोर म्हणू शकतो.

कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. (धावल्यामुळे पसरला असं मात्र समजू नका. हा कॅन्सर पसरतो तेव्हा बहुधा फुप्फुसांतच जातो.) १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. सरासरी काढली तर दिवसाला साडेसदतीस किलोमीटर येतात. मुंबई-दिल्ली अंतराच्या जवळपास चौपट, एका पायावर. आईवडील थंडर बेला आले आणि पोराला घरी घेऊन गेले. उरलेलं अंतर आम्ही धावतो असं अनेक जण म्हणाले, टेरीने नको म्हटलं. त्याला ते स्वतः पूर्ण करायचं होतं.

तोवर जमले होते सतरा लाख डॉलर. आठवड्याभरात टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाने एक कोटी पाच लाख जमवले. फेब्रुवारी १९८१ मध्ये आकडा दोन कोटी एक्केचाळीस लाखांच्या पुढे गेला. माणशी एक डॉलर पूर्ण! २८ जून १९८१ रोजी, कुटुंब जवळ असताना, टेरी गेला.

या गोष्टीला एक पुरवणी आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. स्टीव्ह फोन्यो नावाच्या दुसऱ्या मुलाचा डावा पाय बाराव्या वर्षी कॅन्सरने गेला होता. १९८४ च्या मार्चमध्ये तोही सेंट जॉन्सहून निघाला, भर हिवाळ्यात प्रेअरीची मैदानं आणि रॉकी पर्वत पार करून मे १९८५ मध्ये पॅसिफिकला पोचला. म्हणजे टेरीचं राहिलेलं काम त्याने पुरं केलं. त्याच्या शेवटच्या दिवशीही गर्दी होती, टाळ्या होत्या. नंतरचं आयुष्य मात्र घसरत गेलं : व्यसनं, गुन्हे, शिक्षा. 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा सन्मानही काढून घेतला गेला. २०२२ मध्ये तो वारला. अशा घसरणीला एकच कारण नसतं, आणि लांबून न्याय करणं सोपं असतं. पण एवढं नक्की की फिनिश लाईन ओलांडली की गर्दी घरी जाते. पुढच्या सकाळी कोण आहे, हा प्रश्न मेडल गळ्यात पडल्यावरच सुरू होतो.

टेरीच्या बाबतीत ती पुढची सकाळ घरच्यांनी आणि शार्पसारख्या लोकांनी सांभाळली. शार्पने सुचवलं की दरवर्षी टेरीच्या नावाने धाव घेऊ या. टेरीचं म्हणणं होतं की त्यात स्पर्धा नको. १३ सप्टेंबर १९८१ रोजी पहिली टेरी फॉक्स रन झाली : तीन लाख लोक, पस्तीस लाख डॉलर. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नाही. धावा, चाला, व्हीलचेअरवरून या. आई बेटी २०११ मध्ये जाईपर्यंत या कामात होती. ही रन पुढे जगभर पसरली, आपल्याकडे मुंबई आणि चेन्नईतही झाली. आजवर पंच्याऐंशी कोटींहून जास्त कॅनेडियन डॉलर जमले. ज्याची धाव अर्धवट राहिली, त्याच्या नावाच्या धावेत कुणी शेवटचा येतच नाही, हे मला फार आवडतं.

आणि डिक ट्रॉम? त्याने १९८३ मध्ये न्यूयॉर्कला अकिलीस ट्रॅक क्लब काढला. तिथे अपंग धावपटूंबरोबर सोबती धावतात : अंधांना दोरीने जोडलेले, कुणाचं पाणी धरलेले, कुणाच्या बाजूने नुसतेच चालणारे. ट्रॉमला सोबतीचं मोल पहिल्यापासून माहीत असावं.

तर मुद्दा काय, पुढच्या वेळी ग्रुपवर तो फॉरवर्ड आला की इमोजी टाकायच्या आधी एवढं करा. ज्याचं दुखतंय त्याला विचारा, डॉक्टरांना कधी दाखवतोस? तारीख विचारा, टेरीच्या वडिलांसारखी. एक्झिट कंडिशन आधीच ठरवायला लावा. आणि रविवारी तो धावायला निघालाच, तर टाळ्या वाजवायला बाकीचे आहेत. तुम्ही गाडी घ्या, आणि एक मैल पुढे जाऊन उभे राहा.

असो. उद्या लाँग रन आहे, झोपतो.